कंदील आधी

तीन महिने झाले, आम्ही एकच खोली बांधतोय.
गळ्याशी अरुंद, पोटात रुंद,
वीस-बावीस फूट खोल. हरिपुरातलं हळदीचं पेव.
आधी एका इंजिनात, मग दुसऱ्यात, आता तिसऱ्यात.
तौफिक म्हणतो, स्थळं बघतात तसं चाललंय तुझं,
पोहे खायचे आणि कळवतो म्हणायचं.

दिवसभर मी मार्केट यार्डात अडत्याच्या पट्ट्या लिहिते,
हळकुंड, गड्डा, तोलाई, हमाली.
रात्री विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत
तोच हिशेब दुसऱ्या वहीत:
हिंमत सहा. ताकद आठ. श्वास चार.
फासा टाका.

पहिलं इंजिन श्रीमंताघरचं.
त्यातला अंधार असा की हात घातला तर ओला निघावा.
भिंतीच्या शेणामातीत काडी न् काडी दिसते.
पण माझ्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो,
आणि आमचा हमाल एक पाऊल टाकून
दुसऱ्याचा विचार करत उभा राहतो.
नवा घेऊ की, तौफिक म्हणाला.
मी पगाराची चिठ्ठी पुढे सरकवली.
तो आधी हसला.

दुसरं सगळ्यांना येतं. त्यात आपण अडलो
तर जगात कुणीतरी आपल्या आधी अडलेलं असतं,
आणि सुटलेलंही.
जवळजवळ पक्कं केलं होतं मी ते.
मग पेवाच्या तोंडाशी दगडावर नाव कोरायचं होतं.
टाइप केलं: कृष्णात.
पडद्यावर क एकटा, त्याचा ऋकार रस्त्यावर आलेला,
ष लंगडा, ण लांब उभा,
जसे पंचनाम्याला बोलावलेले अनोळखी लोक.

फाँटची भानगड आहे, तौफिक म्हणाला,
जुगाड होतो. नावाचं चित्र काढू, चिकटवू.
त्याचा मोबाईल रिपेअरीचा हात, सगळं चिकटतं त्याला.
मी म्हटलं, राहू दे.

कृष्णात माझा चुलता. मी त्याला पाहिलेला नाही.
ट्रक थांबला होता, घाई होती,
पेव उघडलं आणि तो तसाच उतरला.
दोर आप्पांच्या हातात होता.
आप्पा एवढंच सांगतात, तेही विचारलं तर.

तिसरं इंजिन फुकट.
त्यातला अंधार, खोटं कशाला बोलू, काळा चौकोन.
उजेड पिठूळ.
त्यात मी आधी खोली बांधलीच नाही, आधी नाव लिहिलं.
कृष्णात.
ज्याचा ऋकार त्याच्या पायाशी,
ष आणि ण गळ्यात गळा घालून.

रविवारी आप्पांना खुर्चीत बसवलं, बटणं दाखवली.
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला,
चुकत चुकत ते पेवाच्या तोंडाशी आले.
पर्याय उमटले: उतरा. हाक मारा. मागे फिरा.
आप्पांनी काहीच दाबलं नाही.
खालच्या गल्लीतला भाजीवाला येऊन गेला.
मग म्हणाले,
"ह्यात कंदील सोडायचं कुठाय?"

नव्हतं.
तीन महिने आम्ही सावल्यांवर भांडलो,
आणि आत हवा आहे का हे विचारायची सोय नव्हती.

त्या रात्री अकरा ओळी लिहिल्या.
दोर खाली जातो. ज्योत लहान होत जाते.
फासा पडतो, पण खेळणाऱ्याला दिसत नाही.
विझली तर उतरायचं नाही.
विझली तरी उतरता येतं.

मग हेच ना पक्कं? तौफिक विचारतो.
शेवटच्या टप्प्यात आयर्विन पुलाशी
फुटाफुटानं पाणी चढवायचंय,
झेपेल ह्याला एवढी कृष्णा?
माहीत नाही. बहुतेक धापा टाकेल.

आप्पा झोपायला गेले होते, ते परत दारात.
"त्या खालच्या गड्याला आकडे दिलेत तुम्ही.
दोर धरणाऱ्याला काय?"

मी नवी फाइल उघडली.
दोर धरणारा.
हिंमत, असं लिहिलं,
आणि पुढे कर्सर
लुकलुकत राहिला.