दोन हिवाळे

लिंडनचं बी पहिल्या वसंतात वर येत नाही,
हे गुलझिफाला ठाऊक, सुनेला नाही.
तिनं पेटीतली ओली वाळू उकरली. "कुजलंय. फेकू?"
"राहू दे. दोन हिवाळे बघितल्याशिवाय ते उठत नाही."

जूनमध्ये इश्बुलातनं साल सोलली,
नदीत दगडाखाली दाबून आला.
जुलैत उरलचे उतार पिवळसर झाले,
रान मधमाश्यांनी घुमायला लागलं,
शिडीवर गुलझिफा, ओच्यात फुलं,
झुबक्यागणिक एक फिकट पंख.
खोकल्याला, शिवाय झोप न येणाऱ्यांना.

ऑगस्टमध्ये तो गेला.
खिडकीत त्याचा चमचा. दांडी झालेली,
वाटी अजून लाकडातच.
मऊ लाकूड, सुरीला हो म्हणणारं.

सप्टेंबरात दोघींनी साल ओढून काढली.
वास असा की सून नाक धरून हसली,
मग रडली. पदर मात्र सुटले होते
भिजल्या वहीच्या पानांसारखे.
दोर वळला. गाय बांधली.

दुसरा बर्फ वितळला तेव्हा
वाळूतून पंजे वर आले,
बोटं फुटलेले, नखाएवढे हिरवे पंजे.
सून मोजत बसली. अकरा.
"फुलायला किती वर्षं?"
गुलझिफानं झारी उचलली.
"वीसेक," म्हणाली,
आणि बाराव्या जागीही पाणी घातलं.