लाभ, दोन, तीन

उम्म अल क्वैनच्या हँगरबाहेर, पहाटे साडेपाचला
खांबेटे आधी इंजिनाखालचा ट्रे बघतात.
तेल गळलंय? मग ठीक.
"गळायचं थांबलं की समज, टाकी रिकामी."

मॅग्नेटो बंद. पुन्हा बघ. बंद.
चाकांना ठोकळे.
दुर मोहम्मद अग्निशामक घेऊन डाव्या पंखाशी,
मी पात्याशी.
नऊ सिलिंडर नवग्रहांसारखे गोल मांडलेले,
एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही,
आणि रात्रभरात तेल उतरतं ते खालच्या तिघांत.

"एक म्हणायचं नाही.
आमच्याकडे केळशीला भात मापताना पहिली पायली लाभ."
म्हणून पहिलं पातं लाभ,
मग दोन, तीन,
दव मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं,
चार, पाच,
आत कुणीतरी कूस बदलतं,
सहा.
सहावर पातं अडलं.

मालक घड्याळ बघतात. पाहुणे आलेत.
"जरा जोर लाव ना."
जोर आहे माझ्यात, सत्तावीस वर्षांचा.
खांबेटे बोलत नाहीत.
नुसते बघतात आतल्या टेबलाकडे,
जिथे बिलांवर वजन म्हणून ठेवलाय
एक वाकलेला कनेक्टिंग रॉड.
ब्याऐंशी साल. त्यांचाच जोर.

मी पाना आणला.
खालचे प्लग काढले, आणि आलं,
काळं, सावकाश, काकवीसारखं.
आम्ही तिघं उकिडवे बसून बघत राहिलो.
घाई फक्त पाहुण्यांच्या बुटांना होती.

प्लग पुसून बसवले. पुन्हा लाभपासून.
मग खांबेटे वर चढले.
प्रायमर तीनदाच, इथली हवा आधीच अर्धी पेटलेली.
स्टार्टर कण्हला, सहा पाती गेली, मॅग्नेटो चालू:
एक खोकला.
काही नाही.
दुसरा, निळा धूर,
आणि मग नऊही जण एकदम बोलू लागले
सोयरीक मोडल्यासारखे,
खारफुटीतले रोहित उठले,
कुणाची तरी टोपी धावपट्टीभर पळाली.
खांबेट्यांचं लक्ष तेलाच्या काट्यावर.
तीस सेकंदांत हलला नाही तर बंद.
अठराव्याला हलला.
तेव्हा कुठे त्यांनी आमच्याकडे बघितलं.

गेल्या महिन्यात त्यांचा व्हिसा संपला.
रॉड नेला नाही, सामानात वजन होतं म्हणाले.

आता वर मी बसतो.
पात्याशी दुर मोहम्मद, तुर्बतचा,
भात मापताना त्याने कधी बघितलेलं नाही.
तो दोन्ही तळवे पात्यावर ठेवतो,
ऐकल्यासारखा थांबतो,
आणि म्हणतो,
लाब.

मी दुरुस्त करत नाही.