काठोकाठ

वरच्या गावाने पाटाचं दार बंद केलं त्याला सात दिवस झाले,
आमच्या जर्दाळूंची पानं कडेने वळायला लागली,
तेव्हा मला पाठवलं.
का, तर म्हणे बुरुलकानच्या जिभेवर साखर आहे.
साखरेखाली काय आहे, कुणी विचारलं नाही.

ओदिना-अकाच्या अंगणात, तुतीखाली,
त्यांचे पाच पुरुष, आमचे दोन, आणि मी.
कुंपणाबाहेर दोन्हीकडची पोरं,
हातात फावडी. पाटाला लागतात तीच.

बोलणं रशियनमध्ये.
ती त्यांचीही नाही, आमचीही नाही,
म्हणून प्रत्येक शब्द हुडकावा लागतो,
आणि हुडकता हुडकता राग दोन पावलं मागे राहतो.
त्यांच्यातल्या तरण्याला मात्र शब्द लगेच सापडला:
"खालच्यांना चोरीची सवयच आहे."

माझा अंगठा अंगठीवर गेला.
हा अंगठा माझ्या ओळखीचा आहे.
तो अंगठी फिरवायला लागला
की पुढचं वाक्य माझं नसतं,
माझ्या भावाचं असतं.

तोक्तोसून. म्हणजे थांबो, राहो.
दोन मुलं गेल्यावर आईने ठेवलेलं नाव.
तो राहिला.
तीन वर्षांमागे याच दारापाशी एक दगड आला
आणि त्याचा डावा डोळा घेऊन गेला.
दगड कुणाचा, कुणीच पाहिलं नाही.
तेव्हापासून या गावातल्या प्रत्येक हाताचं
मी मनात माप घेते.
आताही घेत होते.
या तरण्याचा पंजा रुंद आहे, हे मी आल्या आल्या पाहिलं होतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी त्यांच्याबद्दल म्हणत आले होते.
मुरत होतं ते माझ्यात.

मग ओदिना-अकाने चहा ओतला.
आमच्याकडे, त्यांच्याकडेही, पाहुण्याला पियाला अर्धाच देतात,
पुन्हा भरता यावा म्हणून.
काठोकाठ भरला तर अर्थ एकच: प्या, आणि उठा.
माझा त्याने काठोकाठ भरला.
थोडा सांडलासुद्धा.

कुबात उठायलाच निघाला.
मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाले, "गरम आहे."
आणि प्यायला लागले.
चिमणी पिते तसा.
चहा आहे तोवर मी पाहुणी,
आणि पाहुण्याला कुणी हाकलत नाही, 
निदान पहिल्यांदा कुणी हाकलायचं हे ठरेपर्यंत तरी.

तिसऱ्या घोटाला विचारलं, "यंदा तुमचा मोहर?"
कुणी बोललं नाही.
पाचव्या घोटाला तोच तरणा, जमिनीकडे बघत:
"हिमाने नेला. सगळा."
मग?
"मग कांदा लावला."

कांदा. उथळ मुळांचा, रोजचा तहानलेला.
सात दिवस मी ज्याला माज म्हणत होते
तो कांदा होता.
माझ्या तोंडात भावाचं वाक्य तसंच होतं, धारदार, तयार.
मी त्यावरून गार चहा गिळला.

निघालं ते थोडंच. तीन रात्रींचं बारं आमचं,
दिवस सगळे त्यांचे, पंधरवड्याने पुन्हा बसायचं.
आमच्या लोकांना हे कमी वाटेल.
मलाही वाटलं.
तरणा निरोपाला उठला नाही.

फाटकातून वळून पाहिलं,
ओदिना-अका स्वतःसाठी ओतत होता.
किटलीची चोच पियाल्याच्या काठावर टकटक वाजत होती,
त्याचाही पियाला भरून वाहिला.
म्हातारा हात.
मघाशी त्याने मला उठवलं होतं,
की नुसता हात थरथरला होता?
आजही मला सांगता येत नाही.

रात्री दार धरायला तोक्तोसून आला, कंदील घेऊन.
उजवा डोळा पुढे यावा म्हणून मान तिरकी करून त्याने विचारलं,
"कोण कोण होतं?"
मी अंगठी काढून खिशात टाकली, चाकाला हात घातला.
"तू धर तिकडून," म्हणाले.
आधी गाळ आला.