ओली लाकडं

फिलाडेल्फिया. मार्चची तीन तारीख,
अधिवेशनाची शेवटची रात्र.
वरच्या मजल्यावर सिनेट, दार आतून बंद.
बाहेरच्या बाकावर मी, दुय्यम कारकून,
मांडीवर फळी, बोटं गारठलेली,
दौतीत साय धरू लागलेली शाई.

राष्ट्राध्यक्षांकडून आलेली यादी
दुपारी मीच नकलून दिली होती.
सतरा नावं. बारावं, एलिफलेट थ्रॉक,
जकात अधिकारी, टार्बेल्स लँडिंग.
स्पेलिंग तीनदा ताडून पाहिलं होतं.

माणूस मात्र कधी पाहिला नाही.
एवढंच ठाऊक, की सिनेट सुट्टीवर असताना
त्याला हंगामी कागद मिळाला
आणि जुलैपासून तो काकवीची पिंपं मोजतो आहे,
बुडापर्यंत गज घालून.
त्याच्या पत्रांनाही तिचा वास यायचा.

आत खुर्च्या सरकल्या. कुणी खोकलं.
मग होय, होय, एक जाडसर होय,
अकरा नावं सरली.
बाराव्याला आधी काहीच नाही.
मग बुटांचा आवाज,
एकच माणूस उभा राहिल्यासारखा,
त्याचं हळू, लांबलेलं बोलणं,
आणि मग नाही. नाही. नाही.
घसे खाकरावेत तसं, एकामागून एक.

शेगडीत लाकडं सारायला
प्राइमस तेवढा आत-बाहेर करायचा.
त्याच्यादेखत ते सगळं बोलत,
भिंतीदेखत बोलावं तसं.
मी विचारलं, का पाडला रे त्याला?
घोड्याचा व्यवहार? कुंपण? मोडलेली सोयरीक?
प्राइमसनं तळहातावरची साल झटकली.
"लाकडं ओली होती, साहेब.
तडतड फार झाली. ऐकू नाही आलं."

नोंदवहीत एक ओळ, संमती दिली नाही.
कारणासाठी रकानाच नाही.
ती ओळ मी सुवाच्य अक्षरात उतरवली,
वर वाळू भुरभुरवली, फुंकली.

मध्यरात्री अधिवेशन संपलं,
त्याबरोबर तो हंगामी कागदही.
टपालाला लागले एकोणीस दिवस,
दोन चढलेल्या नद्या, एक लंगडा घोडा.
ते एकोणीस दिवस एलिफलेट थ्रॉक
पहाटे धक्क्यावर जात राहिला,
पिंपांवर शिक्का मारत राहिला,
गलबतांचे कप्तान टोपी काढत राहिले.

त्या शिक्क्यांचं पुढे काय ठरलं
मला कुणी कळवलं नाही.
काकवी तर खपलीच असणार,
रममध्ये, मक्याच्या पावात,
एखाद्या पोरानं चोखलेल्या बोटावर.