आधीच्या मालकाचा खेळ

मांडणीवरची सगळी खोकी रिकामी असायची.
तबकड्या माझ्या पाठीमागच्या खणात,
कागदी पाकिटांत, नंबर घालून.
चोरणाऱ्याच्या हाती फक्त चित्र लागे.
तरी पोरं चोरायची.
एखाद्याला चित्रही पुरत असेल.

नीथ गावात, विंड स्ट्रीटवर,
चष्म्याचं दुकान आणि बंद पडलेली बँक यांच्या मधोमध
एकोणीस वर्षं मी काउंटरमागे उभी.
मालक इडवल. त्याला एकही खेळ येत नव्हता.
म्हणायचा, "नेरिस, गुत्तेवाल्यानं प्यायची नसते."

कुणी जुना खेळ मोडीत घालायला आणला
की तबकडी उजेडात तिरकी धरायची,
ओरखडे मोजायचे, नाक मुरडायचं.
नाक मुरडणं शिकावं लागतं.
अकरा पौंडांना घ्यायचा, पंचवीसला विकायचा,
आणि पोराला वाटायचं, बाजी त्यानंच मारली.

तेगिद बेननचा बाप पोर्ट टॅलबटला, भट्टीवर.
भट्टी विझली त्या आठवड्यात तेगिद आला
उशीच्या अभ्र्यात सगळं भरून.
बेचाळीस खेळ.
मी ओरखडे मोजले नाहीत.
संध्याकाळी इडवलनं हिशेब पाहिला,
मान वर केली,
पुन्हा खाली घातली.

एके काळी नवा खेळ यायचा तेव्हा
रात्री बाराला शटर वर जाई.
रांग चिप्सच्या दुकानापर्यंत, व्हिनेगरचा वास,
कुणाच्या तरी आईनं आणलेला थर्मास,
आणि शाळेत एकमेकांचं तोंड न बघणारी पोरं
एकाच ब्लँकेटखाली.
आता तोच खेळ मध्यरात्री
ज्याच्या त्याच्या घरात आपोआप उतरतो.
सकाळी अकरापर्यंत माझी भवानी होत नाही.

मिसेस ट्रेहार्न दर डिसेंबरात येतात,
नातवाच्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन.
गेल्या खेपेला मी त्यांच्यासमोर खोकं ठेवलं.
त्यांनी उघडलं. आत कागद, कागदावर आकडे.
हलवून पाहिलं.
"पोरी, ही तर पावती झाली. वस्तू कुठाय?"
म्हटलं, "घरी गेलात की उतरेल."
"कुठून?"
मी नकळत वर बोट दाखवलं.
त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावरून.
पर्स छातीशी धरून
जिन्याकडे बघत थांबून राहिल्या बिचाऱ्या.

शेवटच्या शनिवारी मांडण्यासुद्धा विकल्या.
वाफेच्या सिगारेटवाला भिंती मोजून गेला.
राहिला एक ट्रे, पन्नास पेन्सवाला,
जुन्या, जाड, राखाडी काडतुसांचा.

नियम असा होता, की विकण्याआधी
आधीच्या मालकाचा खेळ पुसायचा.
मी आळशी. पुष्कळदा तसाच राहू द्यायची.
एक काडतूस फुंकर मारून मशीनमध्ये बसवलं.

नाव आलं, ह्यू.
एकसष्ट तास, चार मिनिटं.
ह्यू पुलावर उभा होता.
समोर शेवटचा किल्ला, खिडकीत लाल दिवा.
झोळीत औषधाच्या तीन बाटल्या
आणि सोन्याची नाणी, मावतील तेवढी.
एकही खर्चलेलं नाही.
इतकं जमवून, इथवर येऊन
कुणी हाक मारली असेल त्याला?
जेवायला? घर बदलायला?
की पन्नास पेन्सचीच नड होती?

"खेळता येतं का तुला तरी?" इडवल मागून म्हणाला.
उत्तर दिलं नाही.
गल्ल्यात माझं नाणं टाकलं, पावती फाडली.
त्या मशीनवरची ती शेवटची पावती.

काडतुसाच्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी असते.
ती जिवंत, तोवर ह्यू उभा.
कधी मान टाकेल, सांगता येत नाही.

घरी येऊन लावलं.
त्याला एक पाऊल पुढे नेलं.
लाल दिवा थोडा मोठा झाला.
मग मागे आणलं, होता तिथेच,
तोंड किल्ल्याकडे राहील असं.
आणि अंगठ्याला चिकटलेला
किमतीच्या लेबलाचा डिंक
बराच वेळ चोळत बसले.