दुसरा नंबर

आरेच्या युनिट बावीसमध्ये
अब्बा पहाटे तीनलाच रुबाबला धुतात.
शिंगांना मोहरीचं तेल,
खुरांना पॉलिश, माझ्या शाळेच्या बुटांचंच.
शेपटीचा झुबका अम्मी
आपल्या कंगव्याने विंचरते.

मैदानात परीक्षक पाठीवर तळवा दाबतो,
मांडी चाचपतो. वजन?
सहाशे बारा, मी सांगते.
रेडा शहाण्यासारखा उभा,
माझाच पाय थरथरतो.

दुसरा नंबर. हिरवी फीत, स्टीलचा डबा.
देवनारचे इक्बालशेठ तोवर
रुमालाखाली अब्बांची बोटं दाबून मोकळे.

टेम्पोत परतताना
दाव्याला अजून त्याच्या मानेचा बाक.
डब्यात काय ठेवायचं, कुणी ठरवलं नाही.

सकाळी अम्मीने माझी वेणी घातली.
कंगव्यातून
एक राठ काळा केस
माझ्या केसांत आला.
तिने तो काढला नाही.