बावीस डब्या

लष्करातल्या आमच्या गल्लीत
उन्हाळा आला की माणसं जमिनीखाली राहायला जातात.
बाहेर लू. दारांच्या फटींत चिंध्यांचे बोळे,
रोशनदानावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खिळे,
आणि तळघरात
गार दगडाला पाठ लावून दुपारभर झोप.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
काचेची भांडी धुतली.
भौतिकशास्त्र मला भांड्यांच्या बुडाकडून कळलं.
निवृत्त झाले, आणि त्या चैत्रात
बावीस डब्या पिशवीत घालून दारोदार फिरले.
डबीत एक पातळ फिल्म, नखाएवढी.
तीन महिने टांगा. हात लावू नका. बस्स.

कशासाठी?
रेडॉन, म्हटलं.
नफीस टेलरना वाटलं, नवं औषध.
शितोळेकाकांना वाटलं, मोबाइलची कंपनी;
त्यांनी दारातूनच हात जोडले.
भदौरियांच्या सुनेनं चारदा नाक ओढून पाहिलं,
"बू तो कुछ आती नहीं, मौसीजी."

नाहीच येत. गोम तीच आहे.
सिलिंडर गळला तर शेजारी तरी धावून येतात.
हा खडकातून निघतो,
जिथे कणभर युरेनियम युगानुयुगं विझत बसलंय,
जोत्याच्या भेगेतून वर येतो,
मोकळ्यावर वाऱ्यात हरवतो
आणि बंद खोलीत, न बोलावलेल्या व्याह्यासारखा,
ठाण मांडून बसतो.
मग श्वासाबरोबर आत.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला
डाळ आणि पन्ह्याच्या मध्ये पाच मिनिटं मागून घेतली.
बायका ऐकत होत्या
की ओटीतले हरभरे मोजत होत्या, कुणास ठाऊक.
"मग काय, घर सोडायचं?" मृणालिनी आपटे म्हणाल्या.
छे हो. भेगा बुजवायच्या. खिडकी उघडायची.
"एवढंच?"
जरा हिरमुसल्याच सगळ्या.
एवढी भीती घातली, आणि उपाय खिडकीएवढा.

आषाढात डब्या गोळा केल्या.
एकीत पोरानं भुंगा पाळला होता.
एक देवघरात सापडली, हळदकुंकू वाहिलेली;
पुसून तीही मोजली.
कॉस्टिक सोड्यात फिल्म धुतल्या,
सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या:
बारीक भोकं,
पुस्तकाला कसर लागते तशी.

सगळ्यांत जास्त, एकवीस नंबरात.
एकवीस नंबर माझा.

खालची खोली.
तिथे यांनी तेहेतीस वर्षं पुस्तकं बांधली.
खळीचा वास, मेणाचा दोरा, आणि दार कायम लावलेलं,
वाऱ्यानं पानं उडतात म्हणून.
शेवटी शेवटी डॉक्टर विचारायचे, दिवसाला किती ओढता?
हे म्हणायचे, एकही नाही.
डॉक्टर माझ्याकडे बघायचे.
आणि एकदा, हे झोपलेले असताना,
मीसुद्धा यांच्या कोटाचे खिसे चाचपले.
दाभण निघाली. आणि बडीशेप.

यानंच झालं, असं मी म्हणत नाही.
एकट्या माणसाचा हिशेब फिल्मवर निघत नाही,
हजारांचा निघतो.
एकतीस वर्षांत एवढं तरी शिकले.

पण खिळे उपटले, सांडशीनं. दोन तुटून आतच राहिले.
पुठ्ठा निघाला तेव्हा
खोलीभर धूळ उडाली
आणि मांडणीवरची, शिवायची राहून गेलेली
कुणाची तरी वही
पान पान सुटत जमिनीवर आली.
उडू दे, म्हटलं.

आता थंडीत पुन्हा टांगायच्या आहेत,
दारं तेव्हाही बंदच असतात.
या खेपेला चाळीस.
नफीस टेलरनी भिंतीला भोक पाडून
हवा बाहेर फेकणारा पंखा बसवलाय, घरघरतो फार.
आणि शितोळेकाकांचा निरोप आलाय:
त्या कंपनीची एक आमच्याकडेही द्या.